सत्तर टक्के खात्री, तरी तिन्ही वार हुकतात कसे?

कॉम्प्युटरवर डावपेचांचे खेळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. 'वार लागण्याची शक्यता ७० टक्के दाखवत होता, तरी तिन्ही वार हुकले. गेम फसवतो.' शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला मात्र वेगळंच खटकतं. वार लागणार की नाही हे जर फाशावरच ठरत असेल, तर यात डोकं कुठं लागतं? मग हा जुगारच नाही का? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, तेव्हापासून कौशल्याचा खेळ कुठला आणि नशिबाचा कुठला, हा वाद पुन्हा वर आला आहे.

या दोन्ही शंका एकाच जागी येऊन मिळतात, आणि ती जागा गणिताची आहे. हे गणित फार अवघड नाही. ते समजावून घ्यायला 'बॅटल फॉर वेसनॉथ' या खेळाइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. हा खेळ फुकट आहे, त्याचा सगळा कोड उघडा आहे, आणि प्रत्येक लढाईआधी तो आपली आकडेमोड खेळाडूसमोर मांडतो. नशिबामुळे या खेळात भेसळ झालेली नाही, उलट सेनापतीचं काम नशिबामुळेच सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. ते का, ते आता टप्प्याटप्प्यानं पाहू.

आधी खेळ कसा आहे ते पाहू

डेव्हिड व्हाइट या प्रोग्रामरनं २००३ मध्ये वेसनॉथ सुरू केला. 'मास्टर ऑफ मॉन्स्टर्स' आणि 'वॉरसाँग' हे सेगा कंपनीच्या गेम खेळायच्या यंत्रावरचे जुने खेळ त्याच्या डोळ्यांसमोर होते. २००५ मध्ये १.० ही आवृत्ती आली. त्यानंतर जगभरातल्या स्वयंसेवकांनी त्यात चित्रं, संगीत, कथा आणि नवे नियम घातले, आणि ते काम आजही चालू आहे.

खेळातलं जग काल्पनिक आहे. त्यात माणसं आहेत, जंगलात राहणारे एल्फ आहेत, ऑर्क नावाचे दांडगे लढवय्ये आहेत, डोंगराच्या पोटात राहणारे बुटके आहेत, आग ओकणारे ड्रेक आहेत आणि थडग्यातून उठलेले सापळेही आहेत. नकाशा षटकोनी घरांचा. आधी तुमची पाळी, मग शत्रूची. गावं ताब्यात घेतली की सोनं मिळतं, त्या सोन्यावर किल्ल्यातून सैनिक भरती करायचे आणि पुढं सरकायचं. सहसा नायक पडला की डाव संपला.

प्रत्येक सैनिकाच्या हत्यारापुढं दोन आकडे असतात. एल्फ फायटरच्या तलवारीपुढं ५-४ असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे एका लढाईत तो चार वार करणार, आणि जो वार लागेल त्यानं शत्रूची ताकद, म्हणजे तो मरण्याआधी किती मार सोसू शकतो तो आकडा, ५ नं कमी होणार. ऑर्क ग्रंटची तलवार ९-२ आहे, म्हणजे वार दोनच, पण जबरदस्त. हल्ला कुणीही करो, सहसा दोघं आळीपाळीनं वार करतात. एल्फ फायटरची पूर्ण ताकद ३३ आणि ग्रंटची ३८. लेखातला हिशेब एवढ्या आकड्यांवर चालतो.

वार लागणार की नाही, ते जमीन ठरवते

नव्या खेळाडूचा पहिला गोंधळ इथं होतो. त्याला वाटतं, आपला सैनिक पटाईत असेल तर वार जास्त लागतील. वेसनॉथमध्ये तसं नाही. ज्याच्यावर वार होतोय तो कुठं उभा आहे, यावर वार लागण्याची शक्यता ठरते. मोकळ्या माळावर उभ्या ऑर्कचा बचाव ४० टक्के असतो, म्हणजे त्याच्यावरचा प्रत्येक वार लागण्याची शक्यता ६० टक्के. तोच ऑर्क डोंगरावर चढला की बचाव ६० वर जातो आणि तुमच्या वाराची शक्यता ४० वर येते. जंगलात बहुतेकांना ५० टक्के आडोसा मिळतो, एल्फांना ६० ते ७०, पण घोडेस्वारांना तिथं फक्त ३०. दलदलीत चालणाऱ्यांचे हाल होतात आणि जलमानव मजेत असतात.

याला मोजके अपवाद आहेत. जादूगाराचा मारा समोरचा कुठंही उभा असला तरी ७० टक्केच लागतो. काही निष्णात तिरंदाजांना हल्ला करताना किमान ६० टक्क्यांची हमी असते. बाकी सगळं जमिनीवर.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. फासा पडतो हे खरं, पण तो कोणत्या शक्यतेनं पडणार हे खेळाडूनं आधीच, सैनिक हलवताना, ठरवलेलं असतं. ज्यानं आपला भालाईत दलदलीत उभा केला, त्यानं शत्रूच्या हातात चांगला फासा दिला.

जिथं फासा पडतच नाही

वेसनॉथमध्ये दिवस-रात्रीचं चक्र सहा पाळ्यांचं असतं: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. बहुतेक मानवी सैनिक सकाळी आणि दुपारी २५ टक्के जोरात वार करतात आणि रात्री २५ टक्के कमजोर पडतात. ऑर्क आणि सापळे यांचं नेमकं उलटं. एल्फ आणि बुटक्यांना फरक पडत नाही.

आता आकडे पाहा. मानवी भालाइताचा भाला ७-३ आहे. दुपारी त्याचा प्रत्येक वार ९ चा होतो, रात्री ५ चा. ग्रंटचा वार दुपारी ७ चा, रात्री ११ चा. म्हणजे दुपारी सगळे वार लागले तर भालाईत २७ चं नुकसान करतो आणि बदल्यात १४ चं सोसतो. तीच जोडी रात्री भिडली तर तो जास्तीत जास्त १५ चं करतो आणि २२ पर्यंत सोसतो. सैनिक तेच, हत्यारं तीच, बदलली ती फक्त वेळ. आणि ही वेळ केव्हा येणार हे पहिल्या पाळीपासून सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात नशिबाचा काडीचाही भाग नाही.

म्हणून जाणकार खेळाडू रात्र पडायच्या आत माघार घेऊन गावांच्या आणि डोंगरांच्या आधारानं उभा राहतो आणि पहाटेला पुढं सरकतो. नवखा खेळाडू जिंकतोय म्हणून संध्याकाळी पुढं रेटत जातो, रात्री मार खातो आणि फाशाला दोष देतो. नशिबावर फोडलेली बरीच खापरं खरं तर घड्याळावर फुटायला हवीत.

सत्तर टक्क्यांचा हिशेब

आता मूळ तक्रारीकडं येऊ. जादूगाराचा मारा ७-३ आहे, म्हणजे तीन वार, प्रत्येक लागण्याची शक्यता ७० टक्के. तिन्ही लागण्याची शक्यता किती? ०.७ ला ०.७ नं दोनदा गुणायचं, उत्तर ३४.३ टक्के. नेमके दोन लागण्याची ४४.१ टक्के. एकच लागण्याची १८.९. आणि तिन्ही हुकण्याची २.७ टक्के.

यातली पहिली गोष्ट म्हणजे, ७० टक्के हा आकडा मोठा दिसत असला तरी तिन्ही वार लागणं हे जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचं काम आहे. 'तिन्ही लागले तर शत्रू मरेल' या भरवशावर जो बेत रचतो, त्याचा बेत तीनपैकी दोनदा फसणार. मनातलं ७० आणि गणितातलं ३४, यांच्यामधल्या दरीत बहुतेक चिडचिड साठलेली असते.

दुसरी गोष्ट २.७ टक्क्यांची. साधारण सदतीस हल्ल्यांत एकदा. फार कमी वाटतं. पण एका मोहिमेत, म्हणजे एकाच कथेत गुंफलेल्या लढायांच्या मालिकेत, जादूगारांचे किती हल्ले होतात? समजा चाळीस झाले. तर त्यांत किमान एकदा तरी तिन्ही वार हुकण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के निघते. शंभर हल्ले झाले तर ९३ टक्क्यांच्या वर. म्हणजे लांबलचक खेळात असं एकदाही झालं नाही, तर आश्चर्य त्याचंच वाटायला हवं.

तिसरी गोष्ट लोक विसरतात: फाशाला आठवण नसते. दोन वार हुकले म्हणून तिसरा लागण्याची शक्यता वाढत नाही, ती ७० च राहते. 'आता तरी लागायलाच हवा' ही भावना खरी असते, पण तिला आकड्यांत जागा नाही.

'पण माझेच वार जास्त हुकतात!'

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण असं मनापासून वाटणारी माणसं खोटं बोलत नसतात. आपल्या बाजूनं पडलेला फासा आपण हक्काचा म्हणून विसरतो, विरुद्ध पडलेला अन्याय म्हणून लक्षात ठेवतो.

'सिव्हिलायझेशन' या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेचे निर्माते सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात याचा मासलेवाईक अनुभव सांगितला होता. खेळाडूचं बळ शत्रूच्या तिप्पट असताना तो हरला, की खेळून पाहणारे लोक चिडायचे. चारात एकदा हरणं हे गणितानं बरोबर होतं, पण त्यांना ते मान्य नव्हतं. तेच लोक तीनास एक अशा पडत्या बाजूनं जिंकले की मात्र कुणाचीच हरकत नसायची. शेवटी मायर यांच्या चमूनं गणितात बदल केला आणि आधीच्या लढाईचा निकाल पुढच्या लढाईत धरायला सुरुवात केली, म्हणजे लागोपाठ हार कमी वाट्याला येईल.

निन्टेंडोच्या फायर एम्ब्लेम मालिकेनं आणखी वेगळी वाट धरली. २००२ पासूनच्या तिच्या अनेक भागांत एका वारासाठी दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरली जाते. त्यामुळं पडद्यावर ७० टक्के दिसत असले तरी प्रत्यक्षात वार सुमारे ८२ टक्के वेळा लागतो, आणि ३० दिसत असले तर केवळ १८ टक्के. आपल्या मनाला ७० म्हणजे 'जवळजवळ नक्की' वाटतं, म्हणून खेळानं आकडाच मनासारखा वाकवला.

इथं एक उलटी गोष्ट दिसते. खोटं बोलणारा खेळ प्रामाणिक वाटतो आणि खरं सांगणारा लबाड. वेसनॉथ एरवी ७० सांगतो तेव्हा ७० च देतो. कॉम्प्युटरच्या सैन्याला तोच फासा मिळतो. अवघड पातळीवर शत्रू भारी पडतो तो जास्त सोनं किंवा जास्त सैनिक मिळाल्यामुळं, त्याचे वार जास्त लागतात म्हणून नव्हे. माणसांमाणसांत ऑनलाइन सामना असेल तर आकडे सर्व्हरकडून येतात, म्हणजे कुणाच्या कॉम्प्युटरवर गडबड करायला वाव राहत नाही. आणि कोड उघडा असल्यामुळं शंका असेल त्यानं तो वाचून पाहावा. मला ही पद्धत खेळाडूचा मान राखणारी वाटते. मनाची समजूत काढणारा आकडा दाखवण्यापेक्षा खरा आकडा दाखवून 'आता तू ठरव' म्हणणं, हे मोठ्या माणसाशी वागणं झालं.

मग डोकं नेमकं कुठं लागतं?

मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेतात. पाऊस किती आणि केव्हा पडणार हे शेतकऱ्याच्या हातात नाही. पण ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली आणि सोयाबीन बसलं, तरी खोल मुळांची तूर तग धरू शकते आणि पुढच्या पावसावर सावरते. पाऊस येईलच असं धरून तो पेरत नाही, नाही आला तर काय उरेल हे बघून पेरतो. वेसनॉथमधलं सेनापतिपद असंच असतं. वार लागला तर काय, हे कुणालाही सुचतं. हुकला तर माझी फौज कुठं उभी असेल, हा प्रश्न विचारणारा जिंकतो.

एक प्रसंग मांडतो. ग्रंटची ताकद १५ उरली आहे आणि तो माळावर उभा आहे. त्याला पाडायला एल्फ फायटरचे तीन वार लागायला हवेत. चारांपैकी तीन किंवा चार वार लागण्याची शक्यता ४७.५ टक्के येते, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही थोडी कमी. पण शेजारच्या घरात दुसरा एल्फ आधीच आणून ठेवला असेल, तर दोघांचे मिळून आठ वार होतात आणि त्यांत तीन लागण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर जाते. एका सैनिकाच्या योग्य जागेमुळं नाणेफेकीचं रूपांतर जवळजवळ नक्की गोष्टीत झालं. आणि पूर्ण ताकदीचा एल्फ या झटापटीत मरूच शकत नाही, कारण ग्रंटचे दोन्ही वार रात्री लागले तरी २२ च होतात आणि एल्फकडं ३३ आहेत.

तोच ग्रंट डोंगरावर असता तर? एका एल्फला जेमतेम १८ टक्के, दोघांना मिळून ६८ टक्के. मग प्रश्न बदलतो: आजच मारायचा, की तो खाली उतरेपर्यंत वाट पाहायची? तो उतरायलाच नको म्हणून त्याला तिथंच कोंडून दुसरीकडून पुढं सरकता येईल का? इथं खरा खेळ सुरू होतो.

हल्ल्यांचा क्रम हेही मोठं शास्त्र आहे. ज्याच्या हुकण्यानं फारसं बिघडत नाही, त्याला आधी पाठवायचं. त्याचा निकाल पाहायचा आणि मग उरलेल्यांचं काय करायचं ते ठरवायचं. सगळे सैनिक आधी हलवून टाकले तर नंतर हातात काहीच राहत नाही. शेवटचा वार कुणी करायचा हाही विचार असतो, कारण शत्रूला मारणाऱ्याला जास्त अनुभव मिळतो: पहिल्या पातळीचा शत्रू मारला तर ८ गुण, नुसता लढला तर १. पुरेसे गुण झाले की सैनिक वरच्या पातळीवर जातो आणि त्याची ताकद पूर्ण भरून येते. म्हणून बळकट सरदाराऐवजी नवशिक्याला शेवटचा वार द्यायचा मोह होतो. तो हुकला तर मात्र शत्रू जिवंत राहतो आणि नवशिक्या त्याच्या तावडीत असतो. हा सौदा परवडणारा आहे का, हे प्रत्येक वेळी नव्यानं तोलावं लागतं.

बुद्धिबळासारखा खेळ का नाही केला?

हा आक्षेप रास्त आहे. बुद्धिबळात फासा नाही आणि त्याच्या खोलीबद्दल कुणालाच शंका नाही. नशीब काढून टाकलं असतं तर वेसनॉथ शुद्ध झाला असता, असं म्हणता येईल.

माझ्या मते तो वेगळा झाला असता. प्रत्येक वाराचा निकाल आधीच ठाऊक असेल तर लढाई म्हणजे कोडं होतं. ते एकदा सोडवलं की पुन्हा तसंच सोडवता येतं. फासा आला की पाठांतर चालत नाही, दर पाळीला बेत पुन्हा मांडावा लागतो. बुद्धिबळात दूरवर पाहणाऱ्याची कसोटी लागते, वेसनॉथमध्ये बेत मोडल्यावर सावरणाऱ्याची. दोन्ही बुद्धीचीच कामं आहेत.

युद्धाच्या खेळांत फासे शिरले ते करमणुकीसाठी नव्हे, हेही सांगायला हवं. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी 'क्रिगस्पील' नावाचा नकाशावरचा युद्धखेळ वापरत. राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये त्याचे नियम छापले, त्यात चकमकींचे निकाल फाशांनी ठरायचे. रणांगणावर काहीच ठरल्यासारखं होत नाही, हे अधिकाऱ्यांच्या अंगवळणी पडावं हा त्यामागचा विचार. आजच्या काल्पनिक युद्धखेळांतला फासा त्याच घराण्यातला.

हुकलं की मागं जाऊन पुन्हा खेळलं तर?

मनासारखा फासा पडला नाही की आधी साठवून ठेवलेला डाव (सेव्ह) उघडून पुन्हा वार करायचा, ही सवय सर्वत्र आहे. एकट्यानं खेळताना कुणी अडवत नाही आणि कुणाचं नुकसानही होत नाही. पण असं खेळणारा माणूस या खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट शिकायचं टाळतो. वेसनॉथच्या मोहिमा सैनिक पडणार हे धरूनच रचलेल्या असतात. एका लढाईतून वाचलेले अनुभवी सैनिक पुढच्या लढाईत सहसा वीस-वीस सोन्याला परत बोलावता येतात, पण भरती झालेल्या साध्या सैनिकाचा मृत्यू म्हणजे पराभव नव्हे. दोन चांगले सैनिक गमावून जिंकलेली लढाई ही जिंकलेलीच लढाई असते. हे पचवता आलं की खेळाची चव बदलते.

हा जुगार आहे का?

नाही. आणि याचं कारण फाशात नाही, पैशात आहे.

आपल्याकडं वर्षानुवर्षं वाद असा चालायचा की खेळात कौशल्य जास्त की नशीब जास्त. कौशल्य जास्त असेल तर तो जुगार नव्हे, असा युक्तिवाद रमीसारख्या खेळांच्या बाजूनं न्यायालयांत व्हायचा. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं ही फूटपट्टीच बाजूला ठेवली. शुल्क भरून किंवा पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेनं जो ऑनलाइन खेळ खेळला जातो, तो 'ऑनलाइन मनी गेम', मग तो कौशल्यावर चालो, नशिबावर चालो किंवा दोन्हींवर. त्यावर बंदी. ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) आणि पैसे न लावता खेळायचे खेळ यांना मात्र हाच कायदा उत्तेजन देण्याची भाषा करतो.

वेसनॉथमध्ये पैसे भरावे लागत नाहीत आणि जिंकल्यावर मिळतही नाहीत. गावांतून मिळणारं सोनं त्या डावापुरतं. त्यामुळं मुलाच्या पडद्यावर फासा दिसला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पालकांनी पाहायचं ते हे की खेळ खिशातून पैसे मागतो का, आणि मागत असेल तर कशासाठी. पैसे देऊन नशिबाची पेटी उघडायला लावणारे मोबाइलवरचे खेळ दिसायला कितीही गोंडस असले, तरी मला ते वेसनॉथपेक्षा कितीतरी जास्त काळजीचे वाटतात.

स्वतः ताडून पाहायचं असेल तर

नवशिक्यांसाठी 'द साउथ गार्ड' ही मोहीम चांगली. पहिल्याच लढाईत हल्ल्याच्या खिडकीत नुकसानीचा हिशेब दाखवणारं बटण दाबून पाहा. तिथं लढाईनंतर कुणाची किती ताकद उरेल, याची प्रत्येक शक्यता टक्क्यांसह मांडलेली असते. लढत शेवटाला आली की मेनूमधलं आकडेवारीचं पान उघडा. तुम्ही केलेलं आणि सोसलेलं नुकसान, आणि शक्यतांनुसार ते किती व्हायला हवं होतं, हे दोन्ही शेजारी-शेजारी दिसतं. नशीब खरंच विरोधात होतं की भालाईत रात्री माळावर उभे राहिले होते, हे त्या पानावरून आणि आपल्या चालींवरून ताडता येतं.